अकोल्याच्या कोरड्या उन्हात पोर्टेबल कूलर थंड का करत नाही, नुसती चिकचिक का करतो?

ताई, तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. ठाण्याहून बदली होऊन अकोल्याला आलात, वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, खिडकीला लोखंडी कूलर बसवायला घरमालक नाही म्हणतात म्हणून ३६ लिटरचा चाकांवरचा पोर्टेबल कूलर घेतला, दारं-खिडक्या घट्ट लावून चालवता, पहिली पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं आणि मग अंग चिकचिकायला लागतं, बर्फ टाकून पाहिला तरी काही नाही, आणि आता एसी घेऊनच टाकावा का असं विचारताय. सगळं सांगतो. पण शेवटी तुम्ही सहज एक गोष्ट लिहिली आहे, की दुपारी तुम्ही बँकेत असता तेव्हा पाणी संपलं की सासूबाई चालू कूलरमध्येच तांब्याने पाणी टाकतात. आधी ते थांबवा. आज संध्याकाळी नाही, आत्ता फोन करून सांगा.

मी २३ वर्षं कूलर बांधतोय आणि दुरुस्त करतोय, आधी अमरावतीला, आता अकोल्यात. आमच्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात, महावितरणसुद्धा दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये लोकांना सावध करत असतं. लोकांना वाटतं हा धोका फक्त लोखंडी कूलरला, आपला प्लास्टिकचा आहे म्हणजे काही होत नाही. बॉडी प्लास्टिकची आहे, पाणी प्लास्टिकचं नाही ना. पंप त्या पाण्यात बुडालेला असतो, त्याची वायर पाण्यातून जाते, पंपाचं सील गेलं किंवा वायरचं कव्हर चिरलं की करंट पाण्यात उतरतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून स्टीलच्या तांब्याने त्या पाण्यात पाणी टाकणारा माणूस म्हणजे करंटला सरळ रस्ता मिळाला. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी असंच झालं होतं, त्या माउली वाचल्या, कारण सुनेने ओढायला न जाता धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी दुसऱ्या दिवशी पंप काढून पाहिला तर वायरला नखाएवढी चीर होती, बस.

म्हणून नियम एकच आणि तो घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे: पाणी भरायचं तर आधी स्विच बंद, मग प्लग ओढून बाहेर, मग पाणी. नुसता स्विच बंद करून चालत नाही, कारण जुन्या घरात कितीतरी ठिकाणी स्विच न्यूट्रलवर घेतलेला असतो, बटण बंद असलं तरी वायरीत करंट असतोच. पायात रबरी चप्पल. कूलरची पिन तीनची आहे ना, ती दोनच्या सॉकेटमध्ये बसवायला कोणी वरची पिन कापली असेल तर आधी ते बदला. भाड्याच्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, असं मी खूप घरांत पाहिलंय, तेव्हा एखाद्या वायरमनला बोलावून टेस्ट लॅम्पने फेज आणि अर्थ तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि घरमालक काही म्हणोत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, तुमच्या खर्चाने घ्यावा लागला तरी घ्या. करंट गळाला की तो निमिषात लाईन तोडतो. कूलरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, तिथे पाणी सांडतंच.

सासूबाईंना दुपारी पाणी भरायची वेळच येऊ नये असं करता येतं, ते पुढे सांगतो.

आता थंडाव्याचं. तुमचं मूळ कुठे चुकतंय तर ठाण्याची सवय तुम्ही अकोल्यात लावली. ठाण्याला थंडावा म्हणजे एसी आणि एसी म्हणजे दार बंद, फट बंद, पडदा ओढलेला. कूलर हे उलट्या स्वभावाचं यंत्र आहे. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. कूलर काहीच बाहेर फेकत नाही, तो फक्त पाणी उडवतो, म्हणजे त्याची वाफ करतो, आणि पाणी उडताना हवेतली उष्णता खातं. एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती हवेतूनच घेतली जाते म्हणून हवा थंड होते. पण ते उडालेलं पाणी जातं कुठे? खोलीतच राहतं, वाफ होऊन. दारं बंद असली की तीच हवा परत कूलरच्या मागून आत जाते, आणखी ओली होते, परत येते, आणि ओल्या हवेत पाणी उडायला जागाच उरत नाही. पाणी उडणं थांबलं की थंडावा थांबला, उरला फक्त दमटपणा आणि पंख्याचा आवाज. अंगावरचा घामसुद्धा मग सुकत नाही, तीच तुमची चिकचिक. म्हणजे तुम्ही दार बंद करून अकोल्याच्या घरात ठाण्याची हवा तयार करताय.

कूलरला वीज लागते ती पंखा आणि पंप फिरवायला. त्याचं खरं इंधन कोरडी हवा आहे, आणि ती खिडकीबाहेर फुकट पडलेली आहे. इथे लोक मला हमखास म्हणतात की अहो बाहेर ४४ डिग्री आहे, ती आग आत कशाला घ्यायची? तर आकडे बघा. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४ डिग्री, आर्द्रता १५ टक्के. अशा हवेत पाणी उडवत उडवत तिला जास्तीत जास्त किती खाली नेता येतं, याला वेट बल्ब तापमान म्हणतात, ते इथे २३ च्या आसपास येतं. म्हणजे २१ डिग्रीचा उतार आहे. पोर्टेबल कूलरची जाळी, म्हणजे पाण्याने भिजणारा मागचा पॅड, पातळ असते, ती या उताराचा साधारण ७० टक्के पल्ला गाठते असं धरा, तर कूलरमधून २९ डिग्रीची हवा येते. आता तुमची बंद खोली घ्या, तासाभराने तिथे ३६ डिग्री आणि आर्द्रता ५५ टक्के झाली. आकडा कमी दिसतो ना? पण त्या हवेचं वेट बल्ब २८ आहे. उतार फक्त ८ डिग्रीचा, त्याचे ७० टक्के म्हणजे साडेपाच, कूलरमधून येते साडेतीसची हवा आणि तीही घामट. बाहेरच्या ४४ च्या हवेतून जास्त थंड हवा निघते आणि घरातल्या ३६ च्या हवेतून कमी. हे एकदा डोक्यात बसलं की कूलर कुठे ठेवायचा, काय उघडं ठेवायचं, कधी बंद करायचा, सगळं आपोआप सुचतं.

विदर्भात लोखंडी कूलर खिडकीबाहेर स्टँडवर लटकवतात ते जागा वाचवायला नाही, तो तिन्ही बाजूंनी बाहेरची हवा घेतो म्हणून. तुमचा पोर्टेबल आहे तर त्याला जमेल तितकं त्या लोखंडी कूलरसारखं वागवायचं.

कूलर खिडकीला पाठ करून ठेवा. मागची जाळी खिडकीच्या अगदी जवळ, खिडकी पूर्ण उघडी, मच्छरदाणीची जाळी असेल तर ती धूळ पुसून स्वच्छ, कारण धुळीने भरलेली जाळी अर्धी हवा अडवते. खिडकी उंच असेल आणि कूलर खाली राहत असेल तर मजबूत टेबलावर किंवा लोखंडी स्टँडवर चढवा, डगमगणारं टेबल नको, ३६ लिटर म्हणजे पाण्याचंच ३६ किलो वजन झालं. मग कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते ती पुठ्ठा, थर्माकोल, नाहीतर जुन्या चादरीने बंद करा. हे लोक करत नाहीत आणि म्हणून फसतात. कूलरला सोपी हवा मिळेल तिथून तो ओढतो, बाजूला फट असेल तर तो खोलीतलीच ओली हवा परत ओढत बसतो. आणि खिडकी शक्यतो सावलीतली, उत्तरेची किंवा पूर्वेची. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी तीनला ठेवलात तर टाकीतलं पाणी आणि जाळी उन्हानेच तापते.

आता दुसरी बाजू. जेवढी हवा आत येईल तेवढी बाहेर जायला पाहिजे. बसता त्या जागेच्या पलीकडची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं, म्हणजे थंड हवा तुमच्या अंगावरून जाऊन तिकडून बाहेर पडेल. किती उघडं? तुमच्या कूलरच्या खोक्यावर तासाला हजार-बाराशे क्युबिक मीटर असं काहीतरी लिहिलं असेल, तेवढ्याला दीड चौरस फूट मोकळी जागा पुरते, म्हणजे साडेतीन फूट उंच खिडकीची झडप पाच इंच उघडी. टिश्यू पेपरची एक पट्टी त्या फटीत धरा. बाहेरच्या बाजूला उडाली तर बरोबर. आतल्या बाजूला आली तर बाहेरून वारा घुसतोय, दुसरी खिडकी उघडा. लटकतच राहिली तर कूलर हवाच ओढत नाहीये, मागचं काहीतरी तुंबलंय. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर तो लावून दार उघडं ठेवा, पोर्टेबल कूलरला याचा फार चांगला आधार होतो. बाथरूमच्या बाजूने मात्र हवा काढायची तर दार नीट बघून उघडा, वास उलटा येता कामा नये.

खोलीचं माप तुम्ही दिलंय दहा बाय बारा, उंची दहा धरतो, म्हणजे १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. हजार क्युबिक मीटरचा कूलर ही हवा तासात २९ वेळा बदलतो, दर दोन मिनिटांनी एकदा. हे पुरेसं आहे. म्हणून तुमचा कूलर लहान नाही, एका खोलीला बरोबर आहे. पण हॉल आणि बेडरूम दोन्ही त्यात थंड करायला जाऊ नका, तिथे तो खरंच कमी पडेल. एक खोली धरा, दुपारी सगळे तिथे.

छतावर थोडं बोललं पाहिजे, कारण वरचा मजला आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातनंतर ते खाली सोडतो, तुम्ही म्हणता ना रात्री नऊला दुपारपेक्षा जास्त कोंदट वाटतं, ते हेच. कूलर चालू असताना सीलिंग फॅन फुल्ल ठेवला तर तो छताजवळची तापलेली हवा खाली आणून ओततो, म्हणून बंद ठेवा किंवा एकवर ठेवा. आणि घरमालकांना विनंती करून गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्या, चुन्यात थोडा डिंक घातला की पावसापर्यंत टिकतो. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडायचा सल्ला तुम्हाला पुष्कळ लोक देतील, काम करतो तो, पण अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्ही बघितलंच असेल, ते पाणी कूलरला ठेवलेलं बरं. चुना पुरतो.

बर्फाचं एकदाचं सांगून टाकतो. कंपन्या बर्फाचा ट्रे देतात आणि लोकांना वाटतं खरा थंडावा तिथून येतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो. पाच किलो बर्फ वितळून त्याचं पाणी कूलरच्या पाण्याइतकं कोमट होईपर्यंत धरलं तरी जेमतेम २२०० किलोज्यूल होतात. म्हणजे पाच किलो बर्फाची सगळी ताकद एक लिटर साधं पाणी उडण्याहून कमी. तुमचा कूलर नीट लावला तर एवढं काम दहा-बारा मिनिटांत करतो. बर्फाच्या लाद्या आणू नका, फ्रिजवर लोड टाकू नका, त्या पैशात नवीन जाळी घ्या.

यातूनच कूलर तपासायची माझी रीत निघते आणि ती मी गिऱ्हाइकालासुद्धा शिकवतो. थर्मामीटर नसला तरी चालतो, पाणी मोजा. दुपारी एक वाजता टाकी पूर्ण भरा, पाण्याच्या पातळीला मार्करने खूण करा, दोन तास चालवा, प्लग काढा आणि लिटरच्या मापाने मोजत परत खुणेपर्यंत भरा. तुमच्या मापाचा कूलर मेच्या दुपारी बाहेरची हवा घेत असेल तर तासाला पाच-सात लिटर पाणी गेलं पाहिजे. दोनच्या आसपास जात असेल तर तो घरातलीच हवा फिरवतोय किंवा जाळी नीट भिजत नाहीये. लोक तक्रार करतात की पाणी फार पितो, अहो तो पाणी पितोय म्हणजेच काम करतोय. पाच लिटर तासाला म्हणजे जवळजवळ एक टनाच्या एसीएवढी उष्णता खाल्ली जाते, फक्त ती बाहेरच्या तापलेल्या हवेवर खर्च होते, म्हणून खोली एसीसारखी २४ ला येणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. २९-३१ आणि अंगावर वाहती हवा, त्यात माणूस सुखाने झोपतो.

यावरून सासूबाईंचा प्रश्नही सुटतो. ३६ लिटर भागिले सहा, म्हणजे सहा तास. तुम्ही सकाळी निघताना भरून ठेवता आणि सकाळपासून चालू करता म्हणून दुपारी दोनला संपतं. अकोल्यात सकाळी साडेअकरापर्यंत कूलर लागत नाही, पहाटेची गार हवा आत घेऊन आठला खिडक्या-पडदे बंद करून ठेवले तर खोली धरून राहते, इथे बंद ठेवण्याचा उपयोग आहे, कूलर नसताना. साडेअकरा-बाराला लावला की साडेपाच-सहापर्यंत जातं. त्यांच्यासाठी टाकीत पाणी कमी झालं की पंप बंद करणारा फ्लोट स्विच आहे का तुमच्या मॉडेलला बघा, नसेल तर पाणी संपल्यावर पंप कोरडा चालून जळतो. आणि त्यांना सांगा, पाणी संपलं तर बटणाने कूलर बंद करून साधा पंखा लावा, तुम्ही येईपर्यंत.

रात्रीचं वेगळं आहे. मेमध्येसुद्धा मध्यरात्रीनंतर बाहेर ३० डिग्री, आर्द्रता ३० टक्के, अशा वेळी कूलर २१-२२ ची हवा देतो आणि पहाटे चारला चादर ओढावी लागते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा ठेवा, किंवा टायमर असेल तर तीनला पंप बंद होईल असं लावा. सासूबाईंना सांधेदुखी असेल किंवा घरात दमा असेल तर झोत सरळ छातीवर-डोक्यावर नको, पायाकडून यायला हवा. कपाटातली कागदपत्रं, वह्या, पापड-कुरड्या कूलरच्या खोलीत ठेवू नका, मऊ पडतात.

पंप आणि पंखा वेगळे वापरता येतात हे पुष्कळांना लक्षातच येत नाही. अवकाळी पाऊस झाला, ढग आले, हवा दमट झाली तर त्या दिवशी पंप बंद, पंखा चालू. पाऊस पडल्यावर दोन दिवस कूलर काम करत नाही म्हणून लोक माझ्याकडे मशीन घेऊन येतात, मशीनमध्ये काही बिघडलेलं नसतं. नवतपा म्हणजे २५ मे पासूनचे नऊ दिवस कूलरचे खरे दिवस, आणि मृगाचा पाऊस लागला की संपलं. जुलैत ३१ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा उतार फक्त तीन डिग्रीचा, त्यात कूलर चालवणं म्हणजे भिंतींना बुरशी बोलावणं. म्हणूनच तुमच्या ठाण्याच्या बहिणीला हा कूलर देऊन टाकायचा विचार करत असाल तर नका देऊ, तिकडे ३४ डिग्रीला ६५ टक्के आर्द्रता, फार तर चार डिग्री उतरेल आणि घर ओलं होईल. पुण्याला मार्च-एप्रिल-मेच्या दुपारी बरा चालतो, नाशिक, संभाजीनगरला चांगला, नागपूर-चंद्रपूर-अकोल्याला सगळ्यात चांगला, कोकणात आणि गोव्यात अजिबात नाही.

आता जाळी. तुमच्या फोटोवरून ती हनीकोंब जाळी आहे, पुठ्ठ्यासारखी, मधाच्या पोळ्यासारखी. आमच्याकडे जुनी माणसं सगळ्यालाच ताटी म्हणतात, कारण आधी वाळ्याच्या नाहीतर तासलेल्या लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या असायच्या. वाळ्याचा वास जगात कुठे नाही, पण पोर्टेबलच्या चौकटीत ती नीट बसत नाही आणि हवा अडवते, तेव्हा हनीकोंबच राहू द्या. बघायचं काय, तर मागचं झाकण काढून (प्लग बाहेर!) जाळी सगळीकडे सारखी ओली आहे का. उभे कोरडे पट्टे दिसले तर त्यातून गरम हवा तशीच्या तशी आत येतेय. वरच्या पन्हाळीची किंवा नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, टाचणीने, नाहीतर बारीक तारेने मोकळी करा. आणि चालू करताना आधी पाच-दहा मिनिटं नुसता पंप, जाळी पूर्ण भिजली की मग पंखा. कोरड्या जाळीवर एकदम फुल्ल पंखा लावला तर धूळ आणि गरम झळ तोंडावर.

पाण्याबद्दल सांगितल्याशिवाय अकोल्यातल्या कूलरचं उत्तर पूर्ण होत नाही. नळाचं पाणी येतं ते महान गावच्या धरणाचं, त्याने फारसा त्रास नाही. पण नळ चार-चार दिवस आला नाही की लोक बोअरचं टाकतात, आणि आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्याच्या कडेला बसलोय, काही ठिकाणी बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा लिटरला दीड ग्रॅम क्षार असलेलं पाणी तुम्ही दिवसाला ६० लिटर टाकलं, तर ९० ग्रॅम क्षार रोज टाकीत आणि जाळीवर उरतो. आठवड्याला सहाशे ग्रॅमच्या वर! वरून नुसतं पाणी भरत राहिलात तर टाकीतलं पाणी दिवसेंदिवस समुद्राकडे सरकतं, जाळी पांढरी होते, कडक होते, हवा अडते, पंप आवाज करतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं एका सीझनमध्ये जाळी गेली. बोअरचं पाणी असेल तर एक दिवसाआड टाकीचं उरलेलं पाणी तळाचं बूच काढून पूर्ण सोडून द्या, नळाचं असेल तर तीन-चार दिवसांनी. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला घ्या, झाडांना खारं घालू नका. जाळी पांढरी दिसायला लागली की बादलीभर पाण्यात लिंबूसत्व विरघळवून, नाहीतर पांढरं व्हिनेगर घालून तासभर बुडवा आणि हलक्या धारेने धुवा. ब्रशने घासू नका, पुठ्ठा फाटतो. असं सांभाळलं तर हनीकोंब तीन सीझन निघते, नाहीतर दर एप्रिलला नवी.

डासांसाठी तर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून कापडाने घासून, कोरडी करणं सोडूच नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात, आणि अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत, परत पाणी आलं की फुटतात. म्हणून घासायचं. तुम्ही चार दिवस ठाण्याला जाणार असाल तर जायच्या आधी टाकी रिकामी.

कुबट, मासळीसारखा वास येतो असंही तुम्ही म्हटलंय. ओली जाळी बंद कूलरमध्ये रात्रभर राहिली की तो येणारच. बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पंप बंद ठेवून पंखा चालवा, जाळी सुकते, वास राहत नाही. अत्तर, फिनाईल, डांबरगोळी असलं काही पाण्यात टाकू नका, ते सगळं हवेतून तुमच्या छातीत जातं.

राहिला एसी. बिलाचं गणित सरळ आहे, तुमचा कूलर दीडशे वॅटचा धरला तर दहा तासांना दीड युनिट, दीड टनाचा एसी भर दुपारी तासाला एक ते दीड युनिट खातो. पण मी बिलासाठी कोणाला कूलर गळ्यात मारत नाही. ज्या खोलीला एकच खिडकी आहे आणि हवा जायला दुसरी वाटच नाही, तिथे कूलर चालणार नाही, तिथे एसी घ्या. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस आहे आणि जुलै-ऑगस्टचा उकाडाही सोसत नाही, तरी एसी घ्या. तुमच्या खोलीला दोन समोरासमोर खिडक्या आहेत, ती कूलरचीच खोली आहे. आणि एसी घेतलाच तर कूलर त्याच्यासोबत त्याच खोलीत कधी लावू नका, कूलर हवा ओली करेल आणि एसी ती सुकवण्यातच वीज जाळेल.

उद्या शनिवार आहे, दुसरा किंवा चौथा शनिवार असेल तर बँकेला सुट्टी, नाहीतर रविवारी करा. कूलर उत्तरेच्या खिडकीत, बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बंद, समोरची खिडकी पाच इंच उघडी, दुपारी एक ते तीन चालवा आणि तासाला किती लिटर पाणी गेलं ते मला सांगा. चारच्या वर आकडा आला आणि तरीही घामट वाटलं तर मी स्वतः येऊन बघतो, अकोल्यातच आहे. आणि अर्थिंग तपासल्याचंही त्यात लिहा, ते आधी.